अंड्यांच्या कचेरीचा कारभारी

समजा बाळांनो, एके सकाळी तुमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला तोंड फुटलं. तुम्ही फडताळ उघडायला गेलात की फडताळ म्हणतं, "थांब, तुला परवानगी आहे का?" तुम्ही म्हणालात "आहे", तर ते म्हणतं, "यादीत बघून सांगतो." लाडवांचा डबा यादी बघतो. पंख्याचं बटण यादी बघतं. न्हाणीघराचं दारसुद्धा, तुम्हाला कितीही घाई असो, आधी शांतपणे यादी बघतं. बरं, ही यादी केली कोणी? कुणा राक्षसानं नाही. घरातल्याच एका भल्या माणसानं, सगळ्यांच्या भल्यासाठी, चांगला दिवस बघून केली.

आलं डोळ्यांपुढे? मग आता घराच्या जागी कचेरी ठेवा, फडताळांच्या जागी कॉम्प्युटर ठेवा, आणि त्या भल्या माणसाच्या जागी आमच्या नामक्कलचे सेंगोडन ठेवा.

नामक्कलमध्ये माणूस एकतर अंडी विकतो, नाहीतर लॉऱ्या बांधतो. ज्याला दोन्ही जमत नाही तो या दोन्ही धंद्यांतल्या लोकांना सल्ले देतो, आणि तो धंदाही बरा चालतो. सेंगोडन अंड्यांच्या बाजूचे. 'पावायम्माळ एग सप्लाय' या कंपनीत ते मॅनेजर होते. कंपनीचं काम एकच: शाळांतल्या दुपारच्या जेवणासाठी अंडी पोचवायची. गावातल्या शाळांचं सोपं होतं. पण कोल्लीमलैच्या डोंगरावरच्या शाळांना लॉरी पाठवावी लागे, आणि ती लॉरी घाटातली वळणं उजेडी चढली पाहिजे असा दंडक होता. अंधारात अंडी घेऊन घाट चढायचा म्हणजे वर पोचेपर्यंत ऑम्लेटची तयारी.

सेंगोडन नेटके गृहस्थ. शर्टाला इस्त्री, खिशाला दोन पेनं, कपाळाला विभूती. त्यांचा एक कडक नेम होता. आपण कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहितो ना, तशी तिकडे पिळ्ळैयार सुळी काढतात. पिळ्ळैयार म्हणजे गणपती. एक वळसा, एक आडवी रेघ, झाली सुळी. तमिळमधलं 'उ' अक्षरच ते. काढतात सगळेच, पण सेंगोडन धोब्याला द्यायच्या कपड्यांच्या चिठ्ठीवरही काढत. एकदा डॉक्टरांनी औषधं सुळीशिवाय लिहून दिली, तर यांनी दुकानाच्या पायरीवर थांबून ती आपल्या पेनानं काढली आणि मगच कागद आत दिला. औषध लागू पडलं. आता बोला.

तर एके दिवशी मालक नल्लसामी न सांगता कचेरीत आले. पावायम्माळ ही त्यांची आई. तिचा हार घातलेला फोटो भिंतीवरून सगळ्यांवर लक्ष ठेवून असे, त्यामुळे मालक स्वतः फारसे येत नसत. आले ते नेमके माल रवाना करणाऱ्या गुणसेकरनच्या पाठीमागे उभे राहिले. गुणसेकरनच्या कॉम्प्युटरवर एक आचारी हौदाएवढ्या हंड्यात चिकन बिर्याणी ढवळत होता.

"काय चाललंय गुणसेकरा?"

"बाजाराचा अभ्यास, मालक," गुणसेकरन न दचकता म्हणाला. "आपल्या मालाच्या आईचं पुढे काय होतं ते बघतोय."

मालकांनी फोटोतल्या आईकडे पाहिलं आणि सेंगोडनना केबिनमध्ये नेलं.

"मॅनेजर, या यंत्रांना लगाम घाला. ज्याला कामाला जे लागतं तेवढंच उघडलं पाहिजे. जमत नसेल तर सांगा, कोइम्बतूरहून माझ्या भाच्याला बोलावतो. तो शिकलाय त्यातलं."

सेंगोडनना बाकी सगळं चाललं असतं, पण तो भाचा चालणार नव्हता. भाचा खुर्चीत बसला की खुर्ची त्याची होते, हे त्यांनी इतर कचेऱ्यांत पाहिलं होतं. "जमतं, मालक," ते म्हणाले, आणि तिथून पुढच्या साऱ्या गोष्टीला सुरुवात झाली.

पहिला उपाय अगदी सरळ होता. वाईट असेल ते बंद करायचं. बिर्याणीचा आचारी बंद झाला. गुणसेकरननं दुसरा आचारी शोधला. तो बंद झाला, तर मासे पकडणारा एक म्हातारा आला. म्हातारा गेला, तर बैलांच्या शर्यती आल्या. बंदीची यादी वाढवत बसणं म्हणजे एकेका मुंगीला नावानं हाक मारून घराबाहेर काढण्यासारखं होतं. शिवाय काय बंद करायचं ते कळायला आधी स्वतः बघावं लागे. हिशेब सांभाळणाऱ्या वसंतामणी एकदा सही घ्यायला आत आल्या, तेव्हा सेंगोडनसमोर दोन बैल धावत होते.

"तपासतोय," सेंगोडन म्हणाले.

"तपासा ना सार," वसंतामणी म्हणाल्या. "मगाशी आले होते तेव्हा तांबडा पुढे होता. आता?"

"अजून तांबडाच," असं त्यांच्या तोंडून निघून गेलं, आणि दुपारपर्यंत ते शिपायाच्याही नजरेला नजर देईनात.

मग त्यांनी एक मोठं जाळं टाकलं. ज्या ज्या पानावर कोंबडी आहे ते ते पान बंद. बिर्याणी मुळापासून उपटली गेली, हे खरं. पण संध्याकाळी कळलं की कोंबड्या पाळणाऱ्या एकाही शेतकऱ्याचं पत्र दिवसभरात पोचलेलं नाही, आणि कंपनीचं स्वतःचं पानही उघडत नाही. अंड्यांच्या कंपनीनं कोंबडीला दारात उभं करायचं नाही म्हटल्यावर अंडी यायची कुठून, हा प्रश्न मालकांनी फोनवर विचारला. आवाज बराच मोठा होता.

शेजारी लॉऱ्या बांधण्याचं आवार होतं. त्याचे मालक रत्नवेल हे सल्ला देताना समोरच्याला गरज आहे का ते बघत नसत.

"अण्णा, तुम्ही चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली," ते कुंपणावरून म्हणाले. "मी लॉरी बांधतो ती काय चारी बाजूंनी उघडी ठेवून मग एकेक भोक बुजवत बसतो का? आधी सगळीकडून पत्रा. मग लागेल तिथेच दार कापायचं."

सेंगोडननी वरवर फक्त मान हलवली. पण घरी जाऊन ते रात्रीचं जेवण विसरले. सगळं बंद, आणि लागेल तेवढंच दार. किती सोपं. असला विचार लॉरीवाल्याला सुचावा आणि आपल्याला सुचू नये, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

अशा कामासाठी 'कावल' नावाची एक प्रणाली मिळते असं त्यांना समजलं. कावल म्हणजे पहारा. ती विकणाऱ्यांनी फोनवर पद्धत समजावून सांगितली. मॅनेजरच्या कॉम्प्युटरवर एक यादी करायची. पहिल्या ओळीत कारभाऱ्याचं नाव. नियम बदलायचा अधिकार फक्त त्याला. त्याखाली एकेका ओळीत जे उघडायला परवानगी आहे ते. यादीत नाही ते कुणालाही उघडणार नाही. आणि सुरुवात करण्यासाठी कारभाऱ्यानं स्वतः एकदा येऊन 'हो' म्हणायचं.

"बाकीचं कावल सांभाळेल," विकणारा म्हणाला.

कोणाला काय लागतं हे विचारायला सेंगोडन टेबलाटेबलावर फिरले, आणि माणसाच्या गरजा किती खोल असतात ते त्यांना प्रथमच समजलं. गुणसेकरनला हवामान हवं होतं, कारण उन्हात अंडं खराब होतं. ते रास्त होतं. मग त्याला पडद्यावर येणाऱ्या सिनेमांची माहितीही हवी होती, कारण सिनेमा लागला की थेटराच्या रस्त्यावर लॉरी अडकते. वसंतामणींना बसचं वेळापत्रक हवं होतं आणि साड्यांचं एक दुकान हवं होतं. साड्यांचं कारण विचारलं तर त्या म्हणाल्या, "मन शांत राहतं. मन शांत तर बेरीज बरोबर." मालकांनी फोन करून सगळ्यांना शिस्त लावल्याबद्दल शाबासकी दिली, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "माझ्या खोलीतल्या यंत्रावर तेवढी जुनी गाणी राहू द्या. ती शिस्तीच्या आड येत नाहीत."

या साऱ्यांच्या मागे मागे वसंतामणींची मुलगी फिरत होती. तिचं नाव इनिया. चौथीत होती. शाळा सुटली की आईची सुट्टी होईपर्यंत ती कचेरीतच असे. सेंगोडनना ती 'मॅनेजर तात्ता' म्हणे, म्हणजे मॅनेजर आजोबा. सेंगोडनना ती आवडे, पण तिचे प्रश्न आवडत नसत, कारण ते घरी जाऊन आठवत.

"तात्ता, यादी कोण वाचतं?"

"कॉम्प्युटर."

"आणि त्याला ती समजते?"

"वाचतो म्हणजे समजणारच."

"मी इंग्रजीचा धडा वाचते," इनिया म्हणाली, आणि थोडा वेळ विचार करून तिनं दुसरा प्रश्न काढला. "तात्ता, समजा एखादी गोष्ट लागते, पण ती लागते हे कुणालाच माहीत नाही. मग ती यादीत कशी येणार?"

"अशी गोष्ट नसतेच," सेंगोडन म्हणाले. "लागते म्हणजे माहीत असते. जा, आईजवळ बस."

शुक्रवारी संध्याकाळी राहुकाळ नव्हता. सेंगोडननी हात धुतले, पावायम्माळच्या फोटोला नमस्कार केला आणि आयुष्यभराच्या रीतीप्रमाणे यादी लिहायला सुरुवात केली. लिहून झाल्यावर कावलच्या हवाली केली. उद्या सकाळी यंत्रं चालू होतील ती शहाणी होऊनच. घरी जाताना त्यांनी रत्नवेलना कुंपणावरून हात केला, पण आभार मानले नाहीत.

शनिवारी शाळेला सुट्टी असते, कचेरीला नसते. सोमवारच्या जेवणाची अंडी शनिवारीच डोंगर चढतात, कारण रविवारी वर माल उतरवून घ्यायला कोणी नसतं. लॉरी भरून दारात उभी होती. ड्रायव्हर पेरियण्णन टायरला लाथ मारून हवा बघत होता. उरली होती ती वाहतुकीची पावती. त्या पावतीवर एक चौकोनी ठिपक्यांचं चित्र असतं. नाक्यावर ते दाखवल्याशिवाय अंडंच काय, अंड्याचं टरफलही पुढे जात नाही. आणि पावती निघते ती फक्त या कचेरीतल्या कॉम्प्युटरांतून.

गुणसेकरननं कॉम्प्युटर चालू केला. वसंतामणींनी केला. सगळ्यांच्या पडद्यावर एकच चित्र आलं. निळा पडदा, माथ्यावर मधोमध ठळक पिळ्ळैयार सुळी, आणि तिच्याखाली मजकूर: हे इथले कारभारी आहेत. यांनी येऊन हो म्हटल्याशिवाय काहीही उघडणार नाही.

"काही म्हणा," वसंतामणींनी हात जोडले, "कंपनी संस्कारी आहे. सुळी काढून मग नाही म्हणते."

"हे म्हणजे कोण?" इनियानं विचारलं. सुट्टी असल्यामुळे ती सकाळपासूनच होती.

"हे म्हणजे मी," सेंगोडन म्हणाले. शर्टाची कॉलर त्यांनी किंचित सरळ केली.

"मग तुम्ही हो म्हणा ना."

सेंगोडन आपल्या कॉम्प्युटरसमोर बसले. पडद्याच्या खालच्या बाजूला एक चौकट होती, तिच्यात कारभाऱ्याचं नाव मागितलं होतं. त्यांनी आपलं नाव सहीसारखं इंग्रजीत लिहिलं. उत्तर आलं: असे कोणी कारभारी नाहीत. मग त्यांनी वडिलांच्या नावाचं आद्याक्षर पुढे लावून लिहिलं. मग मागे लावून. मग आजोबांचंही लावलं. असे कोणी कारभारी नाहीत. कुलदैवतापर्यंत जायची वेळ आली, तेव्हा त्यांनी कावलवाल्यांना फोन लावला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजानं फार सालस.

"कोण बोलताय, सार?"

"कारभारी सेंगोडन."

"बघते हं. सार, सेंगोडन नावाचे कारभारी नाहीत. पण तुमचं नाव आहे इथे."

"आहे ना? कुठे आहे?"

"उघडायला परवानगी असलेल्या वस्तूंमध्ये आहे, सार. पहिलीच वस्तू. तुमच्यानंतर पावती, मग टपाल, मग हवामान."

सेंगोडननी फोन दुसऱ्या कानाला लावला. "म्हणजे मी..."

"तुम्हाला कोणीही उघडू शकतं, सार."

गुणसेकरनला अचानक खोकला आला आणि तो बाहेर गेला.

"मग कारभारी कोण आहे, बाई?"

"ती जागा रिकामी आहे, सार. पिळ्ळैयार सुळी काढलीय आणि पुढे काहीच नाही."

"मग घाला ना माझं नाव तिथे."

"कारभाऱ्यांनी सांगितलं तरच घालता येतं, सार. तोच तर पहारा आहे. आणखी काही सेवा करू?"

ऊन चढू लागलं. पेरियण्णननं अंड्यांच्या ट्रेंवर ओली पोती टाकली आणि दारात येऊन उभा राहिला. "सार, आता निघालो तर वर उजेडी पोचतो. अंड्यांना घाई नाही, ती आपली बसून आहेत. पण मला आहे."

"दहा मिनिटं," सेंगोडन म्हणाले.

"मगाशीही दहाच होती," पेरियण्णन म्हणाला.

बातमी कुंपण ओलांडून गेली. रत्नवेल हातात मोठा पाना घेऊन आले. "अण्णा, कुठला बोल्ट आहे सांगा. पत्रा आम्ही ठोकतो, पत्रा आम्हीच काढतो." त्यांना कॉम्प्युटरपासून लांब ठेवायला दोन माणसं लागली. त्यातल्या एकाला वाटत होतं की काढू द्यावा, काय होतंय ते तरी बघू.

मग मालक आले. त्यांनी पडदा वाचला, सुळीला नमस्कार केला, आणि म्हणाले, "मॅनेजर, माझ्या वडिलांच्या काळी लॉरीच्या फळीवर खडूनं आकडा लिहायचे आणि गाडी सुटायची."

"हो मालक."

"आता आपल्याकडे सात कॉम्प्युटर आहेत आणि खडू नाही."

मालकांनी खिशातून फोन काढला. सेंगोडनना समजलं तो कोइम्बतूरला लागणार आहे. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना खुर्चीची आठवण झाली नाही. इनिया आईला हळूच विचारत होती ते त्यांच्या कानावर पडलं होतं.

"अम्मा, मुल्लैच्या शाळेत सोमवारी अंडं नसणार?"

मुल्लै ही तिची मामेबहीण. डोंगरावर राहते. ती नेहमी भात आधी संपवते आणि अंडं शेवटी खाते, कडेकडेनं, पिवळा गोळा अगदी शेवटी. सुट्टीत इनियानं हे नीट पाहून ठेवलं होतं आणि कचेरीत सगळ्यांना सांगितलं होतं. सेंगोडनना आता एकसारखी ती न पाहिलेली मुलगी दिसायला लागली. तिचा भात संपला आहे आणि ती ताटाकडे बघते आहे.

"वस्तू तर वस्तू," ते पुटपुटले. "पण अंडी गेली पाहिजेत."

"मॅनेजर तात्ता," इनिया त्यांच्या खुर्चीला टेकून उभी होती. "यादीत पहिली ओळ कोणाची असते?"

"कारभाऱ्याची. मी माझंच नाव लिहिलं होतं, बाळ. नीट लिहिलं होतं."

"आणि त्याच्या वर?"

"वर काय असणार? वर काही नाही. वर सुळी."

इनियानं पडद्याकडे बघितलं. मग यादी लिहिणाऱ्या हाताकडे बघितलं. "पण कॉम्प्युटरला सुळी म्हणजे काय ते माहीत आहे का?"

बाळांनो, इथे जरा थांबू. तुम्ही वही उघडली आणि माथ्यावर 'श्री' दिसला, तर तो तुम्ही वाचता का? नाही. डोळा त्याला नमस्कार करून खालच्या ओळीवर जातो. त्या कचेरीत त्या सकाळी प्रत्येकानं तेच केलं होतं. फोनवरच्या त्या सालस मुलीनंही तेच केलं होतं. नमस्कार न करता, वरपासून खालपर्यंत, एकही ओळ न सोडता वाचणारं तिथे एकच होतं, ते म्हणजे ते यंत्र. त्याला पहिल्या ओळीत जे दिसलं तो त्याचा कारभारी. सेंगोडन दुसऱ्या ओळीत होते.

सगळ्यांत आधी वसंतामणींना समजलं. त्या खुर्चीत बसल्या. "अय्यो. म्हणजे कालपासून कचेरी पिळ्ळैयारांच्या ताब्यात आहे."

मालकांनी फोन खिशात ठेवला आणि, आपण काय करतोय हे त्यांच्याही लक्षात आलं नसावं, पायातल्या चपला काढल्या. रत्नवेलांनी पाना पाठीमागे लपवला.

"मग त्यांचंच नाव लिहा की त्या चौकटीत," दारातून पेरियण्णन म्हणाला. त्याला देवापेक्षा घाटाची काळजी जास्त होती.

सेंगोडननी तमिळ 'उ' उमटवायला बोट पुढे केलं, आणि इंग्रजी अक्षर उमटलं. पुन्हा केलं. पुन्हा इंग्रजीच. एरवी कोपऱ्यातलं एक बटण दाबलं की तमिळ यायचं. ते बटणही आज झोपलेलं होतं. तमिळ लिहिण्याची सोय यादीत नव्हती. कोणी मागितलीच नव्हती. गुणसेकरनला सिनेमे आठवले, वसंतामणींना साड्या आठवल्या, मालकांना गाणी आठवली. पण जी गोष्ट सगळे रोज, दर ओळीला वापरत होते, ती लागते हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं.

सेंगोडननी हळूच इनियाकडे पाहिलं. ती काही बोलली नाही. "मी म्हटलं होतं" असं न म्हणणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती चौथीत असली तर आणखीच थोडी.

"घरून सुळी आणता येत नाही," गुणसेकरन हताशपणे म्हणाला. "भिंतीवर आहे, वह्यांवर आहे, लॉरीच्या काचेवर आहे. पण यंत्राला ती आतूनच पाहिजे."

"आत आहे की," इनिया म्हणाली. "ही काय. मोठी थोरली."

तिनं पडद्याच्या माथ्यावर बोट ठेवलं. सकाळपासून ती सुळी सगळ्यांकडे बघत होती आणि सगळे तिला हात जोडत होते.

शाळेत चित्रातलं फुलपाखरू उचलून दुसऱ्या पानावर ठेवायला शिकवलं होतं, तसंच इनियानं केलं. माऊस सुळीवरून फिरवला, सुळी उचलली, आणि खालच्या चौकटीत आणून ठेवली. सेंगोडननी डोळे मिटून घेतले, त्यामुळे पुढचं त्यांना गुणसेकरननं वाचून दाखवलं.

नमस्कार. आपण प्रथमच आलात. आपली गुप्त खूण ठरवा.

गुप्त खूण काय ठेवायची यावर क्षणभर वाद झाला. वसंतामणींचं म्हणणं होतं मोदकाचं नाव ठेवावं, देवाला लक्षात राहायला सोपं. शेवटी सेंगोडननी सगळ्यांना पाठ फिरवायला लावून काहीतरी ठेवली. आणि मग, पिळ्ळैयारांच्या वतीनं, ते 'हो' म्हणाले.

यंत्र यादी वाचत वरून खाली निघालं. पहिल्याच वस्तूपाशी ते अडलं: सेंगोडन सापडत नाही. पुढे जायचं का?

"जा, जा," मालक म्हणाले.

पुढच्या ओळीला पावतीचं पान उघडलं. गुणसेकरनची बोटं अशी चालली की बिर्याणीच्या हंड्यासमोरही कधी चालली नसतील. कागद बाहेर आला तो गरम होता. पेरियण्णननं तो फुंकर मारून दातात धरला आणि लॉरीत चढला. लॉरी वळली, ओली पोती हलली, आणि डोंगराच्या दिशेनं धूळ उठली. ऊन अजून बरंच होतं.

आता खरं तर गोष्ट संपायला हवी. पण एक काम राहिलं होतं. असंच ठेवलं तर सोमवारीही दारात पिळ्ळैयारच उभे असणार, आणि प्रत्येक बारीकसारीक बदलाला देवाच्या नावानं आपण सही करणार. यादी दुरुस्त करायला हवी होती. पहिल्या ओळीतून सुळी काढायची आणि सेंगोडनचं नाव वर सरकवायचं. एवढंच.

"मी नाही काढणार," वसंतामणी म्हणाल्या. "देवाला कामावरून कमी करायचं पाप माझ्या हातून नको."

"मी तर साधा कारकून," गुणसेकरन म्हणाला.

"राहू द्या त्यांनाच," मालक म्हणाले. "रजा मागत नाहीत, गाणी ऐकत नाहीत." मग चपला पायात सरकवत म्हणाले, "आणि भाच्यापेक्षा बरे."

सेंगोडन हसले नाहीत. यादी त्यांच्यासमोर उघडी होती. उभ्या आयुष्यात त्यांनी एकही ओळ सुळीशिवाय सुरू केली नव्हती. परीक्षेचा पेपर नाही, लग्नाची पत्रिका नाही, बापाच्या बाराव्याचा खर्चसुद्धा नाही. त्यांचं बोट खोडायच्या बटणावर गेलं आणि परत आलं. पुन्हा गेलं. सुळी ठेवली तर यंत्र ऐकत नाही, आणि काढली तर त्यांचा हात ऐकत नाही. शिकलेला माणूस, मॅनेजर, दोन पेनं खिशात, आणि एका अक्षरासमोर तो नुसता बसून राहिला होता.

इनियानं त्यांच्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं, मग पडद्याभोवतीच्या काळ्या चौकटीकडे बराच वेळ बघितलं. "तात्ता," तिनं विचारलं, "कॉम्प्युटरला पडद्याच्या बाहेरचं दिसतं का?"

"नाही, बाळ."

ती उठली. पावायम्माळच्या फोटोखालच्या वाटीत तिनं बोट बुडवलं, खुर्चीवर चढली, आणि पडद्याच्या वर, काळ्या चौकटीच्या बरोबर मधोमध, विभूतीनं एक वळसा आणि एक आडवी रेघ काढली. मग बोट फ्रॉकला पुसून ती खाली उतरली आणि कीबोर्ड तिनं सेंगोडनपुढे सरकवला.